नंदनवन कोठे येते? मराठी वर्णानुक्रम आणि संहितांची तुलना

वर्णानुक्रम हा विषय साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो, असे आपल्याकडे सहसा मानले जात नाही. कोशाच्या प्रस्तावनेत संपादकाने दोन परिच्छेदांत उरकण्याची ती बाब. वाचकाने तीही वाचू नये, अशीच जणू अपेक्षा असते. तथापि गेल्या तीन-चार दशकांत शब्दसूची, ग्रंथसूची, पाठभेदांची तौलनिक कोष्टके ही सर्व कामे संगणकाकडे गेली आणि संपादकाच्या सवयीत मुरलेला हा क्रम प्रथमच नियम म्हणून लिहून देण्याची वेळ आली. दोन शब्दांपैकी आधीचा कोणता, आणि दोन शब्द एकच आहेत की वेगळे, हे यंत्राला सांगावे लागते. सांगितले नाही, तर ते आपले स्वतःचे उत्तर देते. ते उत्तर कोठून येते आणि मराठीच्या वाङ्मयीन इतिहासाशी त्याचा संबंध काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रारंभी एक लहान उदाहरण घेतो. प्रस्तुत लेखक नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन या वस्तीत राहतो. एका जुन्या गद्यग्रंथाच्या अभ्यासासाठी शब्दांची आणि स्थलनामांची सूची करीत असताना, सरावासाठी म्हणून आपल्याच वस्तीचे नाव त्याने यादीत घातले आणि यादी लावण्याची आज्ञा दिली. नकाशा, नगर, नदी, नफा, नागपूर, नौका या शब्दांत नंदनवन सर्वांच्या आधी, नकाशाच्याही वर जाऊन बसले. शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसाला हे विचित्र वाटणे साहजिक आहे. बाराखडीत ‘नं’ येतो तो ‘नौ’नंतर, म्हणजे नंदनवन नौकेच्या पलीकडे, यादीच्या तळाशी हवे. संस्कृत कोश चाळण्याची सवय असलेल्याला दोन्ही जागा चुकीच्या वाटतील. त्याच्या दृष्टीने हा शब्द ‘नन्दनवन’ आहे. अनुस्वार हे केवळ परसवर्णाचे लेखनसौकर्य आहे. सबब त्याची जागा नदी आणि नफा यांच्यामध्ये. मोनिअर विल्यम्सच्या कोशात ‘नन्दन’ शोधणारा तेथेच शोधतो.

एकाच शब्दाच्या या तीन जागा म्हणजे अनुस्वारासंबंधीच्या तीन भूमिका आहेत. पहिलीत अनुस्वार स्वरव्यंजनांच्या आधी येणारे एक चिन्ह आहे. दुसरीत तो स्वरमालेचा शेवट, ‘स्वरादी’ आहे. तिसरीत तो स्वतंत्र असा काही नाहीच, पुढील व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिकाची ती केवळ खूण आहे. क्रम लावणे ही यांत्रिक क्रिया आहे असे म्हणताना आपण यांपैकी एक भूमिका आधीच पत्करलेली असते.

आपल्या परंपरेत शब्दांचा क्रम नेहमी वर्णमालेनेच लागत असे, असेही नाही. पाणिनीय परंपरेतील चौदा शिवसूत्रे ही वर्णमालेची प्रयोजनपूर्वक केलेली फेरमांडणी आहे. प्रत्याहार साधावेत म्हणून तेथे ‘ह’ दोनदा येतो, आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. अमरकोशाची रचना विषयवार, वर्गांची आहे. आणि त्यातील नानार्थवर्गात शब्द लावले आहेत ते अंत्य व्यंजनावरून: कान्त, खान्त, गान्त असे. ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्यांसाठी शब्दाचा शेवट हाच सापडण्याचा दुवा होता. शिवकालीन राजव्यवहारकोशही दहा वर्गांत विभागलेला आहे. दुर्गाचे शब्द दुर्गवर्गात, लेखनाचे लेखनवर्गात. त्या कोशाचा वापर करणाऱ्या कारकुनाला शब्दाचे पहिले अक्षर नव्हे, कामाचे खाते ठाऊक असे.

शब्दाच्या आद्याक्षरावरून लागलेला मराठी कोश ही मुद्रणयुगाची देणगी आहे. विल्यम केरीचा कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला छापला गेला, तोही मोडीच्या टंकांत. पुढे व्हान्स केनेडीचा कोश (१८२४), शास्त्रीमंडळींचा महाराष्ट्र भाषेचा कोश (१८२९) आणि मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अशी परंपरा सिद्ध झाली. या प्रकारच्या मांडणीला आपण जो शब्द रूढ केला, तो मात्र दप्तरी वळणाचा आहे: अकारविल्हे. ‘विल्हे लावणे’ म्हणजे व्यवस्था लावणे, आणि याच विल्ह्यातून ‘विल्हेवाट’ हा शब्दही आला आहे. वर्णानुक्रमाने शब्दांची व्यवस्था लागते तशी त्यांच्या परस्परसंबंधांची विल्हेवाटही लागते, असे गमतीने म्हणता येईल. दुर्ग आणि दूध शेजारी येतात, दुर्ग आणि तट दुरावतात.

हा ताण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांना नीट जाणवला होता. ज्या ज्ञानकोश मंडळाने महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, त्याची मूळ उभारणी नागपूरची. काम पुढे पुण्यास गेले. तेवीस विभागांच्या त्या ग्रंथात पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार आहेत आणि अकारविल्हे नोंदी सहाव्या विभागापासून सुरू होतात. ज्ञानाची संगती आणि शब्दाचा ठावठिकाणा या दोन गरजा एका क्रमाने भागत नाहीत, ही कबुलीच या रचनेत आहे. नंतरच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने उघडतो, आणि वीस खंडांचा विस्तार ‘अंक ते ज्ञेयवाद’ असा सांगितला जातो. या दोन टोकांकडे जरा थांबून पाहावे. प्रारंभी अनुस्वार सर्वांच्या आधी घेतला आहे, म्हणजे बाराखडीचा क्रम सोडला आहे. शेवटी ‘ज्ञ’ हे जोडाक्षर असूनही ‘ज’मध्ये न घालता वर्णमालेच्या अखेरीस ठेवले आहे, म्हणजे बाराखडीतला संस्कार जपला आहे. यात विसंगती आहे, पण ती मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली विसंगती आहे. कोशाचा क्रम तर्कशुद्ध असण्यापेक्षा वाचकाच्या हाताला ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे, असे माझे मत आहे.

हिंदी कोशांत स्थिती वेगळी आहे. तेथेही अनुस्वार आधी येतो. परंतु ‘क्ष’ हे क्+ष म्हणून ‘क’च्या अखेरीस आणि ‘ज्ञ’ हे ज्+ञ म्हणून ‘ज’मध्ये घेतले जाते. लिपी एक, क्रम दोन. नागपूरकरांना यात नवल वाटू नये. १८६१ ते १९५६ या काळात हे शहर मध्य प्रांताची (नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि जुन्या मध्य प्रदेशाची) राजधानी होते; कचेऱ्यांत हिंदी आणि मराठी शेजारी नांदत होत्या आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने दोहोंना मान्यता मिळाली. डॉ. रघुवीरांचे परिभाषेचे प्रचंड काम याच शहरात चालले; त्यांचे कोश इंग्रजी शब्दांवरून लावलेले असल्याने हिंदी की मराठी क्रम हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही, रोमन लिपीने तो परस्पर सोडवला. आजही नंदनवनातल्या एखाद्या गल्लीत दारांवरील पाट्या वाचत गेले, तर नावाची भाषा कोणती हे लिपीवरून कळत नाही. ‘क्षीरसागर’ हे आडनाव यादीत कोठे घालावे, हे ती यादी कोण वाचणार यावर अवलंबून राहते.

आता यंत्राकडे वळू. संगणकात अक्षर म्हणजे एक अंक. दोन चिन्हमालिकांची तुलना करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्यांचे अंक एकामागून एक ताडून पाहणे. जेथे पहिला फरक पडेल तेथे लहान अंकाचा शब्द आधी. इंग्रजीलाही ही रीत पुरी पडत नाही. १९६३ पासून विकसित झालेल्या ॲस्की संकेतात मोठ्या लिपीतील ‘झेड’चा अंक ९० आणि लहान लिपीतील ‘ए’चा ९७, तेव्हा केवळ अंकांवर विसंबले तर झांझिबार ‘ॲपल’च्या आधी येते. १९८९ मध्ये सी या आज्ञाभाषेचे अमेरिकी प्रमाण ठरले, तेव्हा त्यात तुलनेची दोन वेगळी कार्ये ठेवण्यात आली: ‘स्ट्रकंप’ नुसते अंक ताडते, ‘स्ट्रकोल’ हे वापरणाऱ्याच्या भाषाप्रदेशाचे नियम विचारात घेते. या नियमसंचाला ‘लोकेल’ म्हणतात आणि त्याची ओळख भाषा व देश यांच्या जोडीने पटवतात: मराठी–भारत, हिंदी–भारत, स्वीडिश–स्वीडन. ज्याच्या-त्याच्या प्रदेशाप्रमाणे क्रम बदलतो, हे यंत्रशास्त्राने तत्त्वतः मान्य केले, ही साधी गोष्ट नव्हे.

देवनागरीला अंक मिळाले ते इस्की या भारतीय प्रमाणात. त्याची १९८८ ची आवृत्ती पुढील युनिकोडच्या मांडणीला आधारभूत ठरली आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक १३१९४ म्हणून निश्चित झाले. इस्कीची कल्पना मोठी देखणी होती: ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच संकेतमाला, म्हणजे देवनागरी ‘क’, कन्नड ‘क’ आणि बंगाली ‘क’ यांना एकच जागा. या सर्वसमावेशक माळेत ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे पडली. १९९१ च्याच पहिल्या युनिकोड आवृत्तीत तोच क्रम उतरला. आज ‘ल’चा दशमान अंक २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७, आणि ‘ह’चा २३६१. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो तो ‘ह’नंतर. कन्नड, गुजराती आणि मल्याळम वर्णमालांतही त्याचे स्थान ‘ह’च्या पुढेच आहे, म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी ही एकत्र माळ गुंफली, त्यांतल्या अनेकांच्या घरचा क्रम तिने मोडला.

मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही, म्हणून ही मोडतोड वरवर दिसत नाही; ती शब्दांच्या पोटात होते. कोश वापरणारा मराठी वाचक कलम, कवठ, कसर, कहर यांच्यानंतर कळसाची वाट पाहतो. संकेतांकांच्या क्रमात कळस कवठाच्या आधी येऊन गेलेला असतो, आणि शोधणारा ‘शब्द नाही’ असे समजून ग्रंथ मिटतो. येथे एक प्रतिवाद संभवतो. ध्वनिदृष्ट्या ‘ळ’ हा ‘ल’चाच मूर्धन्य सोबती आहे, अभिजात संस्कृतच्या वर्णमालेत त्याला स्थान नव्हते, म्हणून तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. मग अभियंत्याने त्याला योग्य शेजार मिळवून दिला, असे का म्हणू नये? म्हणावे, पण तो वर्णशास्त्राचा युक्तिवाद झाला. शब्द शोधणारा वर्णशास्त्र शोधत नसतो. रांगेच्या शेवटी उभा असलेला ‘ळ’ हा मराठीचा इतिहास आहे.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही तेच. संकेतांकांत जोडाक्षर सिद्ध होते ते हलन्ताच्या चिन्हाने, आणि त्या चिन्हाचा अंक सर्व मात्रांच्या पुढचा, २३८१. म्हणून ज्ञानेश्वरी ‘जौहर’नंतर आणि ‘ज्योत्स्ना’च्या आधी सापडते. हिंदी वाचकाला यात काहीच खटकणार नाही. अनुस्वाराचा अंक २३०६ आणि ‘अ’चा २३०९ असल्याने नंदनवन नकाशाच्या वर गेले, तेही त्याच्या सवयीला धरूनच. म्हणजे ज्याला आपण यंत्राचा तटस्थ क्रम समजतो, तो व्यवहारात हिंदी कोशक्रमाच्या बराच जवळ जातो. यात कोणाचा डाव नव्हता. परंतु नियम न सांगणे म्हणजे कोणताच नियम न पत्करणे नव्हे, हे यावरून दिसते.

स्पॅनिशची कथा याला समांतर आहे. ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ ही जोडचिन्हे त्या भाषेच्या कोशांत दीर्घकाळ स्वतंत्र वर्ण म्हणून लावली जात. १९९४ मध्ये स्पॅनिश अकादम्यांच्या माद्रिद येथील परिषदेने वर्णानुक्रमापुरते त्यांचे स्वातंत्र्य काढून घेतले. निर्णय योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असतील, पण तो भाषेच्या विद्वत्सभेने, चर्चा करून घेतला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला प्रमाणित केली. ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्वरांत स्थान दिले आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांना विशेष संयुक्त व्यंजने म्हणून नोंदले. पण तोवर संकेतांक ठरून अठरा वर्षे लोटली होती, आणि एकदा दिलेला अंक युनिकोड बदलत नाही. बदलता येतो तो वरचा नियम: सर्वसाधारण क्रमावर ‘ह नंतर ळ, त्यानंतर क्ष, त्यानंतर ज्ञ’ अशी मराठीपुरती दुरुस्ती चढवता येते. ती एका ओळीची असते. प्रत्येक आज्ञावलीकाराने ती मागवली पाहिजे, एवढेच. आणि बहुतेक वेळा तो मागवत नाही.

क्रमाचा प्रश्न येथे संपतो असे धरले, तरी त्याहून अवघड प्रश्न एकरूपतेचा आहे. दोन चिन्हमालिका कधी ‘एकच’ मानाव्यात? ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’ हा वाचकाला एकच शब्द, यंत्राला दोन. उलट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वाचकाला दोन शब्द. त्यांतील ‘ऱ्य’ पुन्हा दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. ‘ॲ’ला २००८ मध्ये स्वतंत्र अंक मिळाला, त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून लिहिलेला ‘ॲ’ आणि हा नवा ‘ॲ’ डोळ्यांना एक, यंत्राला भिन्न. सोस्यूरने भाषेत केवळ भेदच असतात असे म्हटले, ते आपण पाठ केले. परंतु कोणता भेद हा भाषेतला भेद आणि कोणता नुसता लेखणीचा, हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवावे लागते.

संहितासंपादनाला हा प्रश्न जुना आहे. वॉल्टर ग्रेग यांनी १९५०–५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पाठभेदांची विभागणी अर्थनिष्ठ आणि आनुषंगिक अशी केली. शब्द बदलणारे ते पहिले, वर्णलेखन व विरामचिन्हे यांसारखे ते दुसरे. युनिकोडची तुलनापद्धती अनभिज्ञपणे याच वाटेने जाते. तिच्यात भेदांच्या पायऱ्या आहेत: मूळ वर्णाचा भेद पहिल्या पायरीवर, स्वरचिन्हांच्या छटांचा दुसऱ्या, लहान-मोठ्या लिपीसारखा तिसऱ्या. वरच्या पायरीवर फरक नसेल तरच खालच्या पायरीचा विचार होतो. कोणत्या पायरीपर्यंतचे भेद ‘भेद’ समजायचे, हे वापरणारा सांगू शकतो. पाठभेदांचे कोष्टक करणाऱ्या संपादकाला याहून उपयुक्त साधन मिळणे कठीण.

अडचण अशी, की मराठीतील काही चिन्हांची पायरी स्थिर नाही. अनुस्वारच घ्या. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले; ‘नांव’चे ‘नाव’ झाले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ नव्या आवृत्तीत ‘लक्षात’ झाली आणि यंत्रसूचीत एका कादंबरीच्या दोन कादंबऱ्या झाल्या. तेव्हा अनुस्वाराचा भेद दुर्लक्षिण्याजोगा आनुषंगिक भेद मानावा? तसे मानले, तर आजच्या लेखनातील ‘घरात’ आणि ‘घरांत’ एकवटतात, आणि तेथे तर एकवचन व अनेकवचन एवढा फरक आहे. १९६२ पूर्वीच्या पुस्तकात ‘घरांत’ एका घरापुरतेही असू शकते. म्हणजे एकाच भाषेत, एकाच प्रदेशात, एकाच चिन्हाची पायरी ग्रंथाच्या सालाप्रमाणे बदलते. लोकेलच्या जोडीत भाषा आहे, देश आहे, काळ नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला काळाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

हे सारे महानुभाव गद्याच्या बाबतीत विशेष तीव्र होते, आणि त्या गद्याच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र नागपूरच होते. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राच्या संपादनाला हात घातला तो येथे, वि. भि. कोलते यांची पाठचिकित्सक आवृत्ती १९७८ मध्ये आली. रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झालेला तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो पोथ्यांतून, आणि महानुभावांच्या अनेक पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे एका वर्णाच्या जागी ठरावीक दुसरा वर्ण लिहिण्याच्या सांकेतिक लिपीत आहेत. तेथे दृश्य अक्षरांची तुलना कवडीच्या मोलाची. किल्ली लावून उलगडल्याशिवाय ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांना अर्थच नाही. उलगडल्यावरही ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, ‘न’–‘ण’ यांच्या बाबतीत लेखकागणिक सवय निराळी. आजच्या मराठीचे नियम या संहितेवर चालवले, तर प्रत्येक ओळ पाठभेदांनी भरून जाते आणि खरा पाठभेद त्या गर्दीत हरवतो. सगळेच भेद सैल केले, तर लेखकाची बोली पुसली जाते, आणि पोथीचा काळ व प्रांत ठरवण्याचे तेच तर साधन.

प्रस्तुत लेखकाच्या सूचीत अखेर तीन स्तंभ करावे लागले. पहिल्यात पोथीतले रूप जसेच्या तसे. दुसऱ्यात उलगडलेले आणि लेखनभेद सैल केलेले रूप, ज्यावरून क्रम लागतो. तिसऱ्यात तो क्रम लावताना कोणते भेद सैल केले याची खूण. ‘ळ’ ‘ह’नंतर घेतला आहे. अनुस्वार आधी की नंतर, यावर एका पदव्युत्तर विद्यार्थिनीशी बराच वाद झाला. तिचे म्हणणे बाराखडीच्या बाजूने होते, माझे विश्वकोशाच्या. सध्या सूची विश्वकोशाप्रमाणे लागली आहे आणि नंदनवन नकाशाच्या वर आहे.